सात पाण्यांत धुतलेली आतडी

स्लेट लिक, केंटकी
सोमवार, १८ एप्रिल १९३८

प्रिय ऑर्लीना,

तुझं मार्चचं पत्र पोचलं. वरचा कागद आईला वाचून दाखवला. आतला तू सांगितल्याप्रमाणे एकट्यानं वाचला आणि चुलीत घातला. आई आणि क्लीडा बऱ्या आहेत. माझ्या पोटात मात्र गुरुवारपासून ढवळतंय, आणि ते खाण्यानं नाही.

गुरुवारी आईनं भिंतींना नवा कागद लावायला काढला. हॉबर्टमामा मिशनच्या शाळेतून जुन्या मासिकांची दोन पोती खेचरावर घालून घेऊन आला होता. मी पिठाची खळ शिजवली, उंदीर लागू नयेत म्हणून तीत लाल मिरची घातली. क्लीडा पानं सुटी करून देत होती, आई चिकटवत होती. मध्येच क्लीडा म्हणाली, "आई, ही तू आहेस."

तीच होती. अख्ख्या पानावर. तुला त्या बाईबद्दल लिहिलंच होतं, मिस प्रेंटिस, जी डिसेंबरात डुक्कर कापायच्या दिवशी कॅमेरा घेऊन आली होती. तिनं काढलेला फोटो. आई टबाशी गुडघ्यांवर बसलेली, एप्रन रक्तानं माखलेला, केस सुटलेले. शेजारी क्लीडा, अनवाणी, आणि तिच्या ओठांना कच्चं आतडं. मागे खोडावर डुकराचं मुंडकं. बाकी सगळी मोकळी जमीन.

ऑर्लीना, त्या दिवशी आमच्याकडे तीन डुकरं कापली. चौदा माणसं जेवायला होती. डाव्या हाताला फळीवर सहा मांड्या मीठ लावून ओळीनं मांडल्या होत्या, त्या फोटोत नाहीत. आईचं काम तेव्हा उरकलं होतं. आतडी सातव्या पाण्यातून निघाली होती, हात धुतले होते, एप्रन उतरवला होता. बाई म्हणाली, "तो पुन्हा घालाल का? तसाच?" क्लीडाला म्हणाली, "बूट काढ बाळ, फक्त एक मिनिट. आणि ते तोंडाजवळ धर, खातेस असं." पोरीला गंमत वाटली. तिनं धरलं.

मी तिथून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बाईनं तिची वही माझ्याकडे दिली होती, सगळ्यांची नावं नीट लिहून दे म्हणून. मी एकेक अक्षर जुळवत होतो. तिला कुणाचंच नाव चुकीचं छापावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यामुळे खाली नावं अगदी बरोबर आहेत. पुढची ओळ अशी आहे: 'अर्मिंटा गेहार्ट आणि तिची मुलगी क्लीडा, हिवाळ्यातलं जेवण. या डोंगरांत भूक इतकी जुनी आहे, की किळस कशाशी खातात हे इथल्या माणसांना ठाऊकच नाही.'

हे आपल्या आईबद्दल! डेल्फी स्टॅम्पर आतडी चार पाण्यांत धुते म्हणून जी तिच्या घरी हिवाळाभर पाणीसुद्धा पीत नाही!

आई खळीचे हात पुसत म्हणाली, "वाच की रे. माझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

मी वाचलं, "अर्मिंटा गेहार्ट. डुक्कर साफ करण्यात या खोऱ्यात हिचा हात धरणारं कुणी नाही."

आई म्हणाली, "इतकं काही नाही हं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "डेल्फीला बोलाव."

ते पान तिनं चुलीच्या बाजूच्या भिंतीवर लावलं, दारातून आत आलं की पहिलं दिसेल असं. चारही कोपरे तळहातानं दाबून दाबून. डेल्फी आली, मामा आला, वरच्या अंगाचे सगळे येऊन गेले. प्रत्येक वेळी आई म्हणते, "व्हर्लिन, यांना वाचून दाखव." या ओढ्यावर वाचता येणारा मी एकटाच, तेव्हा वाचतो. कालपर्यंत अकरा वेळा झालं. चौथ्या वेळेपासून मी 'आणि तिच्याइतकी स्वच्छता शहरातही नाही' हेही वाचू लागलो आहे.

रात्री पाठ भिंतीकडे करून झोपतो. त्या बाईची शिसारी येते, आणि माझ्या स्वतःच्या आवाजाचीही. काय करू ते लिही.

तुझा भाऊ,
व्हर्लिन


ॲक्रन, ओहायो
रविवार, २४ एप्रिल

(आईला वाचून दाखवायचा कागद)

प्रिय आई,

मी मजेत आहे. कारखान्यात आता टायरच्या विभागातून गरम पाण्याच्या पिशव्यांच्या विभागात बदली झाली, तिथे वास कमी. घरमालकीण मिसेस केसलर चांगली आहे. तिच्या मक्याच्या भाकरीत साखर असते, ती मी मिटल्या डोळ्यांनी गिळते. तुझा फोटो छापून आल्याचं व्हर्लिननं कळवलं. फार आनंद झाला.

तुझी ऑर्लीना

(आतला कागद)

अरे व्हर्ल्या,

तू जन्मल्यापासून पोट धरूनच बसलायस. दाई म्हणाली होती, हे पोर रडत नाही, नुसतं काळजी करतंय. तुझं पत्र वाचून मला वाटलं घर जळालं की काय.

वाचलंस ते बरं केलंस. तेच वाचत राहा. तिला कुठे कळणार आहे? म्हातारीला आयुष्यात एकदा कुणी चांगलं म्हटलं, मग ते छापणाऱ्यानं म्हटलं काय आणि तू म्हटलंस काय. आणि एवढं मळमळतंय तर पान फाडून टाक आणि उंदरांनी खाल्लं म्हण. मिरची कमी पडली म्हणावं.

एक विचारते. नावं पूर्ण छापली आहेत का? गेहार्ट असं? ओढ्याचं नावही आहे का? मासिक कुठलं, महिना कुठला, ते लिही. उगीच विचारतेय.

हा कागद जाळ.

ऑ.


स्लेट लिक
सोमवार, २ मे

प्रिय ऑर्लीना,

नाव पूर्ण आहे. ओढ्याचं नाव आहे, काउंटीचंही. महिना फेब्रुवारी.

पान फाडणं आता शक्य नाही. शनिवारी मिस प्रेंटिसचं पत्र आलं. तुला नीट कळावं म्हणून शब्दाला शब्द उतरवून पाठवतो:

'प्रिय व्हर्लिन, तुमच्या आईच्या छायाचित्राला इकडे फार मोठा प्रतिसाद मिळाला. मी शनिवारी १४ मे रोजी एका गृहस्थांसह पुन्हा येत आहे. त्यांना हे जीवन प्रत्यक्ष पाहायचं आहे. एक विनंती, आमच्यासाठी साफसफाई करू नये. मुलीला आंघोळ घालू नये, केस विंचरू नयेत. डिसेंबरसारखं दृश्य पुन्हा मिळालं, तीच टोपली, तीच आतडी वगैरे, तर उत्तमच. तुम्ही सगळे फार खरे आहात. तुमची, हेलन प्रेंटिस.'

टोपली नव्हती, टब होता. चार तास समोर उभी होती, तिला टबसुद्धा दिसला नाही.

आई शेंगा निवडत समोर बसली होती. मी म्हटलं, "त्या फोटोवाल्या बाई परत येतायत. तुला भेटायला."

"नुसतं भेटायला? एवढ्या लांबून?"

तिथे गप्प बसायला हवं होतं. पण पत्र लांब होतं, आणि एवढ्या लांब पत्रात एकच ओळ असेल हे तिला खरं वाटलं नसतं. मी म्हणालो, "तुझं काम पुन्हा बघायचंय म्हणे. डिसेंबरात बघितलं तसं."

आईनं शेंगांचं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "मग ठिपकेवालं कापावं लागेल."

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. रात्री मामा आला, त्याला तिनं बंदूक साफ करून ठेवायला सांगितलं.

मामा ओरडलाच. "मे महिन्यात डुक्कर? अर्मिंटा, तुझं डोकं फिरलं का? तू पहिला घास घ्यायच्या आत माश्यांची पंगत उठलेली असेल!"

"लवकर कापू. पहाटे."

"आणि पुढच्या हिवाळ्यात काय खाणार? तो फोटो?"

"दुसरं आहे की. हॉबर्ट, माणूस एवढी वाट तुडवून माझा हात बघायला येतंय. मी काय म्हणू, थंडी पडली की या?"

"हो! तेच म्हण! सगळं जग तेच म्हणतं!"

"पाहुणीला नाही म्हणणारी मी नाही," आई म्हणाली. मामानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तू का रे पांढरा पडलास? तुला खावं लागणार नाही, तू आधीच ओकशील."

घरात दोन पिलं आहेत, ऑर्लीना. त्यांतलं ठिपकेवालं म्हणजे जवळजवळ अर्धा हिवाळा. एका ओळीसाठी ते मे महिन्यात कापलं जाणार, आणि ती ओळ माझी.

मी रोज सकाळी ठरवतो की आज सांगायचं. मग आई येणाऱ्याजाणाऱ्याला घेऊन भिंतीपुढे उभी राहते. कालपासून तिनं जमीन वाळूनं घासायला घेतली आहे.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. डिसेंबरात ती बाई मिशनमध्ये चार दिवस राहिली होती, पहिलं कडक दहिवर पडून डुकरं कापायची वेळ होईपर्यंत. मग त्या सकाळी खोऱ्यातली नऊ घरं ओलांडून थेट आपल्याकडे आली आणि दारातून म्हणाली, "अर्मिंटा आपणच ना?" तिला आईचं नाव कुणी सांगितलं? दहिवराचं कुणी सांगितलं?

उत्तर लगेच टाक. १४ च्या आत.

व्हर्लिन


ॲक्रन, ओहायो
सोमवार, ९ मे

(आईला वाचून दाखवायचा कागद)

प्रिय आई,

सगळं ठीक. कारखान्यात दोन दिवस सुट्टी मिळाली, मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेले. गरम पाण्याची पिशवी पाठवेन, तुझ्या गुडघ्यांना बरी. मे महिन्यात डुक्कर कापू नकोस हं, ऐकून मला हसू आलं.

तुझी ऑर्लीना

(आतला कागद)

व्हर्लिन,

मी सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरात इथल्या चर्चमध्ये डोंगरातून आलेल्यांसाठी जेवण होतं. ती बाई तिथे वही घेऊन फिरत होती. माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, तुमच्या घराबद्दल सांगा. दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारतात ते एवढंच, की तुम्ही बूट घालता का. मी तासभर बोलले. आई किती चांगली आतडी धुते, सात पाणी, उलटी करून, खरवडून, मीठ लावून. कडक दहिवराची वाट बघा म्हटलं, तो आमच्याकडचा सगळ्यात मोठा दिवस असतो. सणापेक्षा मोठा. नाव सांगितलं, वाटसुद्धा सांगितली. ती सगळं लिहून घेत होती आणि मला बरं वाटत होतं. घरी कळवलं नाही, कारण ती खरंच येईल असं वाटलं नव्हतं.

पुढचं सांगायला नको होतं, पण तू विचारलंस.

मागच्या पत्रात नाव आणि महिना विचारला ते ढोंग होतं. ते मासिक फेब्रुवारीतच आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. मिसेस केसलरनं पान वर धरलं. "गेहार्ट! ऑर्लीना, ही तुझी कोण गं?" आठजणी जेवत होत्या. मी म्हटलं, कुणी नाही, त्या डोंगरात गेहार्ट पैशाला पासरी. मग एकीनं विचारलं, "खरंच खातात का गं हे?" मी म्हटलं, "तसली माणसं खात असतील, शी!" आणि तोंडाला रुमाल लावून ओकायचा आवाज काढला. टेबल हसलं. मीही हसले. नंतर मला दोनदा वाढलं.

क्लीडाचं ते तोंड बघत मी ते केलं. अजून रुमाल धुतलेला नाही. का, ते विचारू नकोस.

डुक्कर वाचव. काहीही थाप मार, तुला जमतं आता. पण आईला खरं सांगू नकोस. एक गोष्ट कळली की ती दुसरी विचारेल, आणि तू तिच्या नजरेपुढे टिकत नाहीस. वाचलं की आधी हा कागद जाळ, मग दुसरं काम कर.

ऑ.


स्लेट लिक
सोमवार, १६ मे

प्रिय ऑर्लीना,

शुक्रवारच्या टपालापर्यंत तुझ्या पत्राची वाट बघितली. आलं नाही.

शनिवारी पहाटे मामानं डुक्कर मारलं. तेव्हाच अंगाला घाम येईल इतकं उकडत होतं. कढत पाणी ओतून केस काढले, टांगलं, पोट फाडलं. आतडी टबात पडली आणि पहिली माशी आली. मग दहा. मग मोजता येईनात. हिवाळ्यात तो वास आपल्याला पोटभर जेवणाचा वाटतो ना? परवा तो गोड झाला होता, सडक्या पीच फळासारखा. आई पहिल्या पाण्यात हात घालून म्हणाली, "क्लीडा, फांदी घे आणि वारा घाल. पाहुणी यायच्या आत उरकू." नवा एप्रन होता, खास शिवलेला.

मी तेव्हा बोललो. आदल्या दिवशी बोललो असतो तर डुक्कर जिवंत असतं. भिंतीवरची ओळ मला पाठ आहे. उभ्याउभ्या म्हणून टाकली. नावं, जेवण, भूक, किळस, सगळं.

आईचे हात थांबले नाहीत. दुसरं पाणी झालं. तिसरं झालं. मग म्हणाली, "पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं.

"आणि बाईचं पत्र?"

ते खिशातच होतं. वाचलं. 'मुलीला आंघोळ घालू नये' तिथे मामानं सुरी जमिनीत खुपसली आणि म्हणाला, "मी बंदूक भरूनच ठेवतो."

"गप रे," आई म्हणाली. सातवं पाणी होईपर्यंत ती धूत राहिली. आतडी पिळून ठेवली, हात पुसले, आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तिनं एकदा लिहिलं. तू अकरा वेळा वाचलंस."

अकरा नव्हे, एकोणीस झाले होते. मी दुरुस्ती केली नाही.

मग तिनं मामाला ओढ्यावर पिटाळलं, ज्याच्या घरी भांडं आहे त्यानं घेऊन या म्हणून. नऊच्या आत सगळं मांस वाटलं गेलं, डेल्फीलाही गेलं. अंगण खरवडून राख पसरली. क्लीडाला घासून घासून आंघोळ घातली, दोन घट्ट वेण्या घातल्या, बूट चढवले. आईनं चर्चचा काळा पोशाख घातला आणि ओसरीवर बसली.

ती दोघं अकराला आली. गृहस्थांचे बूट चिखलात रुतत होते. बाईनं अंगण बघितलं, क्लीडाला बघितलं, तिचा चेहरा उतरला.

"मला वाटलं डुक्कर असेल," ती म्हणाली.

"होतं," आई म्हणाली. "कापलं, धुतलं, वाटलं."

आत तव्यावर उरलेलं मांस परतत होतं. वास बाहेर येत होता. बारा वाजले, एक वाजला. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे दारात शेरीफ उभा असला तरी आधी म्हणतात, या, हात धुवा, दोन घास खा. बाबांना ज्यानं नोकरीवरून काढलं तोसुद्धा आपल्या घरी जेवून गेला होता. आईनं या म्हटलं नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली, आणि त्यांना उभं ठेवलं. आपल्या दारात माणूस उपाशी उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघितला. मामाला ते सोसेना, तो गोठ्यामागे गेला. मलाही लाजेनं घाम फुटला. त्या बाईची किळस होतीच, तरी.

आणि बाईला काही कळलंच नाही! तिनं ओसरीचे चार फोटो काढले, गृहस्थांना म्हणाली, "बघा, किती निवांत लोक!" दोघं मोटारीत बसून डब्यातलं काहीतरी खाऊन आली. आपल्या बापजाद्यांत कुणी कुणाचा केला नसेल एवढा अपमान आईनं तिचा केला, आणि तिनं जाताना आईचे आभार मानले.

निघण्याआधी ती झऱ्यावर गेली. प्यायच्या झऱ्यावर. दोन्ही हात आत घालून साबणानं धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली आणि तिथेच आत थुंकली. आई ओसरीवरून बघत होती. मोटार वळणाआड गेल्यावर बादली घेऊन खाली गेली आणि संध्याकाळपर्यंत झरा उपसत राहिली. तीन वेळा तळ दिसेपर्यंत. मी हात लावायला गेलो तर बादली दिली नाही.

"आणि म्हणे आम्हाला ठाऊक नाही," एवढं एकदाच म्हणाली.

भिंतीवरचं पान काढू का म्हणून मी विचारलं. "राहू दे," म्हणाली. "कोण वाचणार आहे?"

तुझं पत्र शनिवारीच आलं, झरा उपसणं चालू असताना. पाकीट जाड आहे, दोन्ही कागद असतील. मी नेहमीसारखं उघडायला घेतलं. आईनं ओला हात पुढे केला. मी म्हटलं, "ऑर्लीनाचं आहे." ती म्हणाली, "माहीत आहे मला. दे. तुझं वाचन खूप ऐकलं."

ते आता घड्याळामागे आहे, बंद. बुधवारी ती चार मैल चालत मिशनच्या शाळेत जाणार आहे. मिस पेली तिथे मुलांना शिकवते. ती कागदावर असतं तेच वाचते, अथपासून इतिपर्यंत, वरचा कागद आणि आतला कागद असं तिला काही माहीत नाही. आईनं तुझी जुनी पत्रंही मागितली. ती जाळली म्हणून सांगितलं तेव्हा म्हणाली, "हे आहे ना."

मी दोनदा उठून घड्याळापाशी गेलो. हात लावला नाही. तू आत काय लिहिलं आहेस मला ठाऊक नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर असेल तर ते आता मलाही आईकडूनच कळेल.

हे पत्र उद्याच्या टपालानं निघालं तरी तुझ्या हातात शुक्रवारी पडेल.

व्हर्लिन